आगमनकाळ कुठे गेला? नाताळचा धार्मिक अर्थ आणि बाजार

प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘आमचे कुटुंब ख्रिस्ती नाही. मुलांच्या शाळेत सांता येतो, मॉलमध्ये नोव्हेंबर संपायच्या आतच झाड उभे राहते आणि २५ डिसेंबर हा मुळात रोमन सूर्यदेवाचा सण होता, असे दरवर्षी कुठे ना कुठे वाचायला मिळते. मग नाताळला स्वतःचा असा काही धार्मिक अर्थ आहे का, की तो आता निव्वळ खरेदीचा सण उरला आहे? आणि आमच्यासारख्यांनी तो साजरा करावा का?’ धर्मशिक्षणाचे वर्ग घेणे आणि चर्चमधील उपासनेची तयारी करणे या कामांत आयुष्याचा मोठा भाग गेलेल्या एका कॅथलिक माणसाचे हे उत्तर आहे. प्रॉटेस्टंट परंपरेची भूमिका जिथे निराळी आहे, तिथे ती सांगेन.

तारखेचा मुद्दा आधी हातावेगळा करतो, कारण त्यावर गरजेपेक्षा जास्त शाई खर्च होते. येशूचे जीवन सांगणाऱ्या बायबलमधल्या चार पुस्तकांपैकी, म्हणजे शुभवर्तमानांपैकी, मार्क आणि योहान जन्मकथा सांगतच नाहीत. मत्तय आणि लूक सांगतात, पण दोघेही तारीख देत नाहीत. इसवी सन २०० च्या सुमारास अलेक्झांड्रियाचा ख्रिस्ती लेखक क्लेमेंट लोकांनी मांडलेल्या निरनिराळ्या तारखा नोंदवतो, त्यांत मे महिन्यातील एक आहे, २५ डिसेंबर मात्र नाही. या तारखेचा रोममधील पहिला स्पष्ट उल्लेख ३५४ सालच्या एका पंचांगवजा संग्रहात सापडतो आणि त्यातील संबंधित यादी ३३६ च्या आसपासची मानली जाते. याच संग्रहातल्या दुसऱ्या एका यादीत त्याच दिवशी ‘अजिंक्या’चा, म्हणजे सूर्यदेवाचा, जन्मदिवसही नोंदलेला आहे. सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये रोममध्ये या सूर्यदेवाचे मंदिर उभारले होते, त्यामुळे ख्रिस्ती लोकांनी सूर्याच्या सणावर आपला सण बसवला, असा तर्क पुढे आला. दुसरा तर्क असा की, येशूचा गर्भसंभव आणि त्याचा मृत्यू एकाच तारखेला, २५ मार्चला, झाला अशी समजूत जुन्या चर्चमध्ये होती आणि तिच्यापुढे नऊ महिने मोजले की २५ डिसेंबर येतो. माझा कल दुसऱ्या तर्काकडे आहे. पण पहिला खरा ठरला, तरी माझ्या श्रद्धेला धक्का लागत नाही. आर्मेनियन चर्च आजही ख्रिस्ताचा जन्म आणि बाप्तिस्मा मिळून ६ जानेवारीला साजरे करते, ज्युलियन पंचांग पाळणारी चर्चेस ७ जानेवारीला नाताळ करतात, आणि या सगळ्यांचा सण एकाच घटनेचा आहे.

ती घटना कोणती, हे नीट सांगायला हवे. येशूचा वाढदिवस म्हणून नाताळकडे पाहिले की अर्थ फार उथळ होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायातले ‘शब्द देही झाला’ हे विधान या सणाचा कणा आहे. ज्याने सृष्टी निर्माण केली, तो स्वतः भूक, थंडी, परावलंबन आणि मृत्यू यांच्या अधीन असलेल्या माणसाच्या देहात आला, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. अवताराची कल्पना मनात असलेल्या मराठी वाचकाला हे ओळखीचे वाटेल, पण दोन फरक ध्यानात ठेवावेत: ख्रिस्ती विश्वासाप्रमाणे हे एकदाच घडले, आणि धारण केलेले मनुष्यत्व काम संपल्यावर टाकून दिले गेले नाही. ३२५ मध्ये निकेया येथील बिशपांच्या परिषदेत जो वाद झाला, तो याच प्रश्नाच्या मुळाशी होता: जन्माला आलेला हा कोण? पूर्ण देव, की देवाने निर्मिलेला कोणी श्रेष्ठ जीव?

लूकने ही कथा ज्या तपशिलांतून सांगितली आहे, त्यांत आर्थिक बाजू इतकी उघड आहे की बाजाराबद्दल बोलताना तिथूनच सुरुवात करावी लागते. कथेच्या पहिल्या ओळीत रोमन सम्राट कैसर औगुस्त आहे, त्याची नावनिशी लिहून घेण्याची आज्ञा आहे, म्हणजे करवसुलीची तयारी आहे. त्या आज्ञेपायी एक सुतार आपल्या गरोदर पत्नीसह गाव सोडून निघतो. उतरायला जागा मिळत नाही, म्हणून मूल गुरांच्या गव्हाणीत ठेवले जाते. बातमी पहिल्यांदा पोहोचते ती रानात रात्रपाळीने मेंढरे राखणाऱ्यांकडे. पुढचा एक तपशील प्रवचनांतूनही सहसा निसटतो. चाळीस दिवसांनी आईवडील बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेतात, तेव्हा लूक अर्पणाच्या संदर्भात होल्यांच्या जोडीचा किंवा पारव्याच्या दोन पिलांचा उल्लेख करतो. मोशेच्या नियमशास्त्रात बाळंतिणीच्या शुद्धीसाठी कोकरू सांगितले आहे, आणि ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठी ही पक्ष्यांची सवलत आहे. म्हणजे या कुटुंबाला कोकरू परवडत नव्हते, हे लूक एकही विशेषण न वापरता नोंदवून जातो.

आता उपासनेच्या पंचांगाकडे येतो, कारण बाजाराने खरा बदल केला तो इथे. नाताळच्या आधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. या काळात वेदीवर जांभळी वस्त्रे असतात, रविवारच्या मिस्सेत, म्हणजे मुख्य उपासनेत, गौरवगीत म्हटले जात नाही, फुलांची सजावट आवरती ठेवली जाते. पहिल्या रविवारचे वाचन गोजिरवाण्या बाळाचे नसते, जागे राहा, धनी कधी येईल ठाऊक नाही, या इशाऱ्याचे असते. त्यानंतरच्या दोन रविवारी अरण्यातला खरमरीत बोलणारा बाप्तिस्मा करणारा योहान येतो. पाचव्या शतकात फ्रान्समधील तूर येथे संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळपर्यंत आठवड्यातले काही दिवस उपवास सांगितलेला होता; पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चेस नाताळपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवास आजही पाळतात. सण सुरू होतो तो २४ तारखेच्या रात्री, आणि मग तो चालतो. २६ डिसेंबरला पहिला हुतात्मा स्तेफन, २८ ला हेरोद राजाने मारलेली निरपराध बालके, १ जानेवारीला देवमाता मरिया, ६ जानेवारीला किंवा आपल्याकडे त्याच्या जवळच्या रविवारी ज्ञानी लोकांनी बाळाचे दर्शन घेतल्याची आठवण असलेला प्रभुप्रकटनाचा सण, आणि शेवटी प्रभूचा बाप्तिस्मा. आधी वाट पाहणे, मग सोहळा, आणि सोहळ्याच्या ऐन मध्यावर दोन रक्तरंजित आठवणी, अशी ही रचना आहे.

सणाच्या निमित्ताने होणाऱ्या उधळपट्टीबद्दलची तक्रार सणाइतकीच जुनी आहे, हेही मान्य केले पाहिजे. नाझियान्झसच्या ग्रेगरी या बिशपने सुमारे ३८० मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे ख्रिस्तजन्मावर दिलेल्या प्रवचनात दारे सजवू नका, नाचगाणी भरवू नका, महागडी मद्ये आणि पक्वान्ने यांत एकमेकांवर कुरघोडी करू नका, असे श्रोत्यांना बजावले होते. श्रोते तसे करत होते, म्हणूनच बजावावे लागले. पुढे मध्ययुगभर नाताळ हा खाण्यापिण्याचा, धिंगाण्याचा सण होता. त्यामुळे पूर्वी सगळे पवित्र होते आणि दुकानदारांनी ते बिघडवले, हे आमच्या काही धर्मगुरूंचे आवडते विधान मला पटत नाही.

या धिंगाण्यावर सर्वांत कठोर उपाय प्युरिटन या कडव्या इंग्रज प्रॉटेस्टंट पंथीयांनी केला. बायबलमध्ये तारीख नाही, सण पाळण्याची आज्ञा नाही, म्हणून सणच नको, अशी त्यांची भूमिका होती. इंग्लंडच्या पार्लमेंटने १६४७ मध्ये नाताळ रद्द केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत १६५९ पासून नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होता आणि तो कायदा १६८१ मध्ये मागे घेतला गेला, तरी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत मॅसॅच्युसेट्स ज्या भागात येते, त्या न्यू इंग्लंडच्या अनेक गावांत २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस असे. मराठी वाचकाला यातली एक गोष्ट जवळची वाटावी. १८१३ मध्ये मुंबईत आलेले आणि १८३१ पासून अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, स्थिरावलेले अमेरिकन मराठी मिशन मॅसॅच्युसेट्समधल्या बॉस्टनकडच्या याच परंपरेतून निघाले होते. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ज्या मिशनमध्ये काम केले, ते हेच. १८२९ मध्ये मुंबईत आलेले मिशनरी जॉन विल्सन स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन चर्चचे होते आणि स्कॉटलंडमध्ये तर नाताळची सार्वजनिक सुट्टी १९५८ मध्ये सुरू झाली. म्हणजे मराठी प्रॉटेस्टंट चर्चच्या दोन प्रमुख जननी अशा घरांतून आल्या, जिथे नाताळकडे संशयानेच पाहिले जाई. आज नगर जिल्ह्यातला नाताळ पाहणाऱ्याला हे सांगूनही खरे वाटणार नाही.

बाजारू नाताळ जन्मला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचे मूळ देण्याघेण्याची दिशा बदलण्यात आहे. त्यापूर्वीच्या इंग्लंडात देणे वरून खाली जात असे: गरीब लोक नाताळच्या दिवसांत जमीनदाराच्या दारी गात येत आणि खाणे, पेय, पैसे हक्काने मागत. शहरे वाढली, तशी दारी येणारी ही माणसे अनोळखी, दारू प्यायलेली आणि भीतिदायक वाटू लागली. सुखवस्तू वर्गाने सण रस्त्यावरून उचलून घरात नेला, आणि घेणाऱ्याच्या जागी गरिबाऐवजी आपलेच मूल बसवले. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल यांनी काढून घेतलेले पहिले छापील नाताळ शुभेच्छापत्र या बदलाचा मोठा बोलका पुरावा आहे. मधोमध एक सुखी कुटुंब प्याले उंचावते आहे. डाव्या आणि उजव्या बाजूच्या अरुंद चौकटींत भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र दिले जात आहे. गव्हाणी कुठेच नाही. दानधर्म कडेला गेला होता, पण निदान चित्रात तरी होता.

सांताची कथा याच काळातली. चौथ्या शतकातला मायराचा बिशप निकोलस हा तिचा पूर्वज. मायरा म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले देम्रे. हुंड्याअभावी ज्यांचे आयुष्य धोक्यात आले होते, अशा तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या पुरचुंड्या टाकल्या, अशी त्याची आख्यायिका आहे. डच लोकांच्या सिंटरक्लासमार्गे, म्हणजे निकोलसच्या डच रूपातून, तो न्यूयॉर्कला पोहोचला; १८२३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्याची रेनडिअरची गाडी आणि धुराडे लोकप्रिय केले आणि १८६३ पासून थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याचे गुबगुबीत रूप रुळवले. कोकाकोलाने त्याला लाल कपडे चढवले, ही सांगीवांगी खोटी आहे. कंपनीच्या जाहिरातींसाठी हॅडन संडब्लॉम यांनी १९३१ पासून त्याची चित्रे काढली, त्याच्या कितीतरी आधी तो लाल कपड्यांत दिसत होता. मला रंगापेक्षा त्याच्या कामाचे महत्त्व वाटते. सांता दुकान झाकतो. खेळणे विकत आणलेले असते, त्याला किंमत असते, ते कोणीतरी कारखान्यात मजुरीवर बनवलेले असते; सांतामुळे ते आकाशातून आल्यासारखे होते. निकोलसनेही स्वतःला झाकले होते, पण परक्या गरिबाला देताना.

फ्रान्समधील दिजाँ येथे २३ डिसेंबर १९५१ रोजी कॅथीड्रलसमोर मुलांच्या देखत सांताचा पुतळा जाळण्यात आला आणि स्थानिक धर्मगुरूंची त्याला संमती होती. दुसऱ्याच संध्याकाळी सांता नगरभवनाच्या छपरावर जिवंत होऊन अवतरला. त्या प्रसंगावर मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी निबंध लिहिला, म्हणून तो अजून आठवणीत आहे. आमच्या बाजूने याहून मूर्खपणाचे पाऊल क्वचितच पडले असेल. मुलांचे हसू जाळून कोणी गव्हाणीकडे वळत नाही.

वेळेच्या बाबतीत मात्र चर्चने काहीच हालचाल केली नाही आणि तिथेच सगळे गेले, असे माझे मत आहे. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगचा सण नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी असे आणि त्यानंतर नाताळची खरेदी सुरू होई. १९३९ मध्ये नोव्हेंबरात पाच गुरुवार आले, सण ३० तारखेला पडणार होता, आणि खरेदीचे दिवस कमी होतील म्हणून किरकोळ व्यापाऱ्यांनी सरकारला साकडे घातले. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सण आठवडाभर अलीकडे आणला. काही राज्यांनी ते मानले, काहींनी मानले नाही, आणि अखेर १९४१ मध्ये काँग्रेसने चौथा गुरुवार कायद्याने ठरवून दिला. दुकानांच्या सोयीसाठी देशाचे पंचांग हलले. याच वर्षी, १९३९ मध्येच, माँटगोमेरी वॉर्ड या दुकानसाखळीने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटण्यासाठी जी पुस्तिका काढली, तिच्यातून लाल नाकाचा रेनडिअर जन्माला आला. त्या चार आठवड्यांत चर्चच्या पंचांगात काय असते? आगमनकाळ. व्यापाराने नाताळ रद्द केला नाही, त्याची टवाळीही केली नाही. त्याने सोहळा आधीच्या चार आठवड्यांत ओढून आणला आणि वाट पाहण्याचा काळ गिळून टाकला. २५ तारखेच्या संध्याकाळपर्यंत सगळे दमलेले असतात, २६ ला उरलेल्या मालावर सवलतीच्या पाट्या लागतात, आणि चर्चमध्ये तेव्हा कुठे सणाचा दुसरा दिवस उजाडलेला असतो. आगमनकाळातले दिवस मोजायला जर्मन प्रॉटेस्टंट घरांत मुले दारावर खडूच्या रेघा ओढत. त्यातून निघालेल्या छापील दिनदर्शिकेत आता रोज एक चॉकलेट, नाहीतर सौंदर्यप्रसाधन मिळते. वाट पाहण्याचे साधनच रोजच्या मिळकतीचे झाले.

कोकण आणि गोव्याकडे पाहिले, तर हा हिशेब अधिक गुंतागुंतीचा होतो. वसईच्या गावांत तरुण मुले डिसेंबरभर गवत, माती, बांबू, पुठ्ठा घेऊन ख्रिस्तजन्माच्या देखाव्याचे गोठे उभारतात. गोठ्याची ही प्रथा १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो येथे संत फ्रान्सिसने चारा, बैल आणि गाढव आणून मांडलेल्या देखाव्यातून पसरली. (शुभवर्तमानात बैल आणि गाढव कुठेही नाहीत, ते बायबलच्या जुन्या करारातील यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून आले आहेत.) गोव्यात आणि मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांत नेवऱ्या, दोदोल, कलकल, बेबिंक हे पदार्थ सणाआधी शेजारणींनी मिळून करायचे आणि मग ताटे शेजारीपाजारी, बिगरख्रिस्ती घरांतही, पाठवायची, अशी रीत आहे. आता अनेक घरे हा फराळ विकत घेतात. याला बाजारीकरण म्हणायचे का? म्हणावे लागेल, पण तो फराळ करून विकणारी बाई बहुतेकदा त्याच गावातली असते आणि तिला या महिन्यात चार पैसे सुटतात. अशा व्यवहारावर टीका करण्याचे धाडस माझ्याकडे नाही. सिग्नलवर लाल टोप्या विकणारी मुले पाहिली की मात्र अस्वस्थ व्हायला होते, कारण ज्याच्या जन्माच्या निमित्ताने त्या टोप्या विकल्या जातात, त्याचे घर त्या मुलांच्या घरापेक्षा वेगळे नव्हते, आणि गाडीची काच वर करणाऱ्यांत आम्ही ख्रिस्तीही असतो.

मग करायचे काय? आमच्या धर्मशिक्षण वर्गांत आम्ही पालकांना साध्या गोष्टी सांगतो. गोठा लवकर मांडला तरी चालेल, पण गव्हाणी २४ च्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवा आणि ती रिकामी का आहे, हे मुलांना विचारू द्या. आगमनमालेवर, म्हणजे चार मेणबत्त्यांच्या कड्यावर, दर रविवारी एकच मेणबत्ती वाढवा. भेटवस्तूंचा खर्च ठरवताना घराबाहेर जाणारा वाटा आधी बाजूला काढा. उरलेल्यातून काढायचा म्हटला की तो उरत नाही. काही भेटी प्रभुप्रकटनाच्या सणासाठी राखून ठेवा, कारण मत्तयाच्या कथेतले ज्ञानी लोक देणग्या घेऊन आले, त्याचीच आठवण त्या दिवशी असते. चांदण्या आणि दिवे तोवर उतरवू नका. कुरकुर होते, विशेषतः किशोरवयीन मुलांची. तरीही ज्या घरांनी हे नेटाने केले, तिथे सण २५ च्या दुपारी कोसळत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल. ख्रिस्ती नसलेल्या घराने झाड लावले, केक आणला, मुलाला सांताची टोपी घातली, तर त्यात आमच्या धर्माचा अवमान होत नाही, आणि तुमच्या धर्मालाही बाधा येण्याचे कारण मला दिसत नाही. तो एक हिवाळी उत्सव आहे आणि तो तसाच मानून करावा. शाळेतल्या कार्यक्रमात सांतासोबत गव्हाणीची गोष्टही सांगितली जावी, एवढीच माझी अपेक्षा असते, कारण दिवाळीतून लक्ष्मीपूजन वगळून फक्त फटाके शिकवले, तर तुम्हालाही ते अपुरेच वाटेल. पण तुम्हाला धार्मिक अर्थ पाहायचा असेल, तर तो दुकानात मिळणार नाही. २४ डिसेंबरच्या रात्री जवळच्या चर्चमध्ये या. ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे अनेक ठिकाणी मध्यरात्रीची मिस्सा आता लवकर होते, म्हणून वेळ आधी विचारून घ्या आणि गर्दी असते, तेव्हा अर्धा तास आधी पोहोचा. मागच्या बाकांवर बसा; लोक उभे राहतील तेव्हा उभे राहिलात की पुरे. पवित्र भाकर स्वीकारायला रांग लागेल, ती कॅथलिक दीक्षितांसाठी असते, तेव्हा जागेवरच थांबा. कोणी वेगळे पाहणार नाही. मिस्सेनंतर लोक गोठ्यापाशी जातात, तिथे मुलांना घेऊन जा. त्या रात्री गर्दीमुळे जमले नाही, तर घाई करू नका. गोठा जानेवारीचा पहिला आठवडा संपेपर्यंत बहुतेक ठिकाणी तसाच असतो, आणि २७ किंवा २८ तारखेच्या संध्याकाळी चर्च जवळजवळ रिकामे मिळते.